रेव्हिटमध्ये चार मजल्यांची मापं सांभाळणं: दोन वर्षं वापरून झाल्यावर

रेव्हिट म्हणजे इमारतीचं थ्रीडी मॉडेल करून त्यातूनच प्लॅन अन् सेक्शन (उभे छेद) काढायचं ऑटोडेस्क कंपनीचं सॉफ्टवेअर. आधीच सांगून ठेवतो, मी सॉफ्टवेअरवाला माणूस नाही. नागपूरला प्रतापनगरात घरांची ड्रॉइंग काढायचं छोटं ऑफिस आहे, आम्ही तिघं जण, अन् कामं बहुतेक चाळीस बाय साठच्या प्लॉटवरची, खाली पार्किंग वर तीन मजले, म्हणजे बेसा, मनीषनगर, मानेवाड्याकडे चक्कर मारली की जिकडेतिकडे जे उभं होऊन राहिलं आहे तेच. तर हा रिव्ह्यू त्या साइजच्या कामासाठी आहे, हॉस्पिटल अन् टॉवर करणाऱ्यांनी पुढे गेलात तरी चालेल, तुमच्याकडे त्यासाठी वेगळी माणसं असतात.

यूट्यूबवर रेव्हिट शोधलं की सगळे थ्रीडीच दाखवतात, काचेचा फसाड, झाडं, संध्याकाळचा उजेड. मला त्यातलं काही नको होतं. मला एकच पाहिजे होतं, की टॉयलेटचा डक्ट, म्हणजे पाइप खाली नेणारी उभी पोकळी, पहिल्या मजल्याच्या शीटवर कॉलमपासून जेवढ्या अंतरावर आहे तेवढ्याच अंतरावर दुसऱ्याच्या शीटवर अन् तिसऱ्याच्याही शीटवर असावा. झालं. ऐकायला पोरखेळ वाटते, पण ज्यांनी साइटवर शिव्या खाल्ल्या आहेत त्यांना विचारा.

आमची जुनी पद्धत सगळ्यांची असते तीच. कॅडमध्ये, म्हणजे नुसत्या रेघांनी ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ग्राउंड फ्लोअर काढायचा, तो उचलून उजवीकडे कॉपी, तो पहिला मजला, मग अजून उजवीकडे, तो दुसरा. कॉपी झाली की ते दोन प्लॅन एकमेकांना ओळखत नाहीत, सख्खे भाऊ वाटणीनंतर ओळखत नाहीत तसे. एकात भिंत सरकवली तर दुसऱ्याला पत्ताच नाही. त्यात एका कामात असं झालं की घरमालकाने ऐन वेळी दुसऱ्या मजल्यावर बाथरूम मोठं मागितलं, आमच्या ऑफिसात घाईघाईत डायमेन्शनवर डबल क्लिक करून आकडा हाताने टाइप केला गेला, रेघ होती तिथेच राहिली, आकडा तेवढा बदलला. मिस्त्रीने आकडा वाचून भिंत बांधली, त्याची काय चूक. डक्ट साडेचार इंच बाजूला गेला अन् सॉइल पाइपला (संडासाच्या पाइपला) मधे दोन बेंड टाकून वळवावा लागला. मी साइटवर गेलो तर मिस्त्री काका पाइपकडे पाहून राहिले होते. म्हणाले, "भाऊ, पाइप वाकडा नाही, तुमचा कागद वाकडा हाय." तोडफोडीचा खर्च आम्हीच दिला. चूक आमचीच होती, त्यात सॉफ्टवेअरला काय दोष देणार.

रेव्हिट घ्यायचं खरं कारण हे. त्याची पहिली गोष्ट जी मला आवडली, अजूनही आवडते, ती ही की डायमेन्शनवर हाताने आकडा टाकूच देत नाही. टाकून पाहिलं तर चक्क मेसेज येते की इथे आकडा नको, शब्द लिहा, अन् माप बदलायचं असेल तर ज्या वस्तूचं माप आहे तिला निवडून मग बदला. म्हणजे भिंत हलेल तेव्हाच आकडा हलेल. यावरही जुगाड आहे, आमच्या ऑफिसातल्या पोट्ट्याने आठ दिवसांत शोधून काढला, मी तो इथे सांगणार नाही अन् आमच्याकडे त्यावर बंदी आहे.

आता भ्रम कुठे तुटला ते. मला वाटलं होतं की मॉडेल एकच आहे तर डायमेन्शन पण एकदाच टाकायचं, वर आपोआप दिसेल. नाही बा. रेव्हिटमध्ये भिंत, दार, खिडकी, कॉलम हे मॉडेलचे, ते सगळीकडे दिसतात, पण डायमेन्शन हे त्या एका व्ह्यूचं, म्हणजे त्या एका प्लॅनचं किंवा सेक्शनचं, असते. ग्राउंडच्या प्लॅनवर टाकलं तर ग्राउंडच्याच प्लॅनवर राहील. सेक्शनमध्ये टाकलेलं सेक्शनमध्येच. मी पहिल्या महिन्यात व्ह्यूवर राइट क्लिक करून 'डुप्लिकेट विथ डिटेलिंग' केलं अन् खूश झालो की वा, सगळी मापं आली, मग लक्षात आलं की हा त्याच मजल्याचा दुसरा व्ह्यू आहे, वरच्या मजल्याचा नाही. क्लास लावला होता मी एक, नाव घेत नाही, तिथे दीड महिना फॅमिली (दार-खिडक्यांचे तयार नमुने) अन् रेंडर (खऱ्यासारखी चित्रं) शिकवलं पण ही एक गोष्ट कोणी सांगितली नाही.

एका अर्थाने बरोबरही आहे म्हणा. प्रत्येक मजल्यावर काय मापं दाखवायची ते वेगळं असते, पार्किंगला कॉलमचे सेंटर अन् गाडीची जागा पाहिजे, वर खोल्यांचे गाळे पाहिजेत. पण मग चार मजल्यांवर तेच तेच डायमेन्शन चार वेळा टाकायचं का? टाकलं तर चार ठिकाणी चार प्रकारे चुकणार. इथून पुढे जे लिहितो ते मी धक्के खाऊन शिकलो.

सगळ्यात आधी ग्रिड. कॉलमच्या ग्रिड लाइन्स, म्हणजे कॉलम ज्यांवर बसतात त्या आडव्या-उभ्या रेघा, मॉडेल सुरू करायच्या आधी, स्ट्रक्चरवाल्याकडून आलेल्या कॉलम लेआउटवरून टाका अन् पिन करून टाका, कोणाचा धक्का लागून हलायला नको. ग्रिड तळापासून गच्चीपर्यंत एकच असते, म्हणून ग्रिड-टू-ग्रिड डायमेन्शनची जी बाहेरची माळ असते ती एकदा ग्राउंडवर टाकायची, निवडायची, कॉपी, अन् पेस्टमध्ये 'अलाइन्ड टू सिलेक्टेड व्ह्यूज' घेऊन वरचे सगळे प्लॅन निवडायचे. सगळ्या मजल्यांवर त्याच जागी येऊन बसते, अन् त्याच ग्रिडला चिकटलेली असते, नुसतं चित्र नाही. उद्या एक ग्रिड तीन इंच सरकली तर चारही शीटवर आकडा बदलतो. पहिल्यांदा हे होताना पाहिलं तेव्हा मी पोट्ट्याला चहा सांगितला.

नागपूरच्या माणसाला हे खरं तर समजायला सोपं आहे. आपल्याकडे झिरो माइलचा दगड आहे, तिथे 1907 चा सर्व्हेचा बेंचमार्क आहे. एक जागा पक्की करायची अन् बाकीचं सगळं तिथून मोजायचं. दर गावाने आपापल्या पिंपळापासून मोजलं असतं तर रस्ते एकमेकांना भेटले असते का. आमचे जुने प्लॅन तसेच होते, प्रत्येक मजला आपापल्या पिंपळापासून.

ग्रिडची लांबी पण सगळ्या मजल्यांवर सारखी ठेवा, नाहीतर एका शीटवर ग्रिडचा बबल, म्हणजे टोकाचा गोल, डायमेन्शनवर चढतो अन् दुसऱ्यावर हातभर लांब असतो. त्यासाठी स्कोप बॉक्स आहे, म्हणजे ग्रिडला हद्द घालणारी चौकट, नाहीतर 'प्रोपगेट एक्स्टेंट्स' आहे, एका व्ह्यूमधली लांबी दुसऱ्या व्ह्यूजना देऊन टाकते. दोन मिनिटांचं काम, पण मी सहा महिने हाताने ओढत बसलो होतो.

मग आतल्या भिंती. इथे खरी गंमत आहे. पहिल्या मजल्याची भिंत अन् दुसऱ्या मजल्याची भिंत ह्या आपल्याकडे वेगळ्याच काढाव्या लागतात, कारण आपलं काम आरसीसी फ्रेमचं, बीमच्या खाली दर मजल्याला विटा भरायच्या. काही लोक बाहेरची भिंत खालून वरपर्यंत एकच ओढतात, डायमेन्शन कॉपी करायला ते सोपं जाते हे खरं, पण मग मजल्याप्रमाणे विटांचा हिशोब काढायला बसलं की बोंब. तर भिंती वेगळ्या असल्या की नुसतं डायमेन्शन कॉपी करून वर पेस्ट होत नाही, ते बिचारं ज्या भिंतीला धरून होतं ती भिंत वर नाहीच. यावर उपाय दोन. एक, भिंती अन् डायमेन्शन एकत्र निवडून कॉपी करा अन् 'सिलेक्टेड व्ह्यूज'ला पेस्ट करा, दोन्ही सोबत जातात. पण ह्यात परत तीच वाटणीवाल्या भावांची गोष्ट, एकदा पेस्ट झालं की वरचं वेगळं खालचं वेगळं.

दुसरा उपाय ग्रुप, अन् टिपिकल फ्लोअर, म्हणजे वरचे मजले सारखेच, असेल तर मी डोळे मिटून हाच सांगीन. एका फ्लॅटच्या आतल्या भिंती, दारं, सॅनिटरी सामान अन् त्यांच्यातली डायमेन्शन्स सगळं एकदम निवडून ग्रुप केला की रेव्हिट स्वतःच दोन भाग करते, एक मॉडेल ग्रुप अन् त्याला जोडलेला डिटेल ग्रुप, मापं ह्या दुसऱ्यात जातात. मॉडेल ग्रुप वरच्या लेव्हलवर पेस्ट करायचा, मग वरच्या प्लॅनमध्ये जाऊन तो ग्रुप निवडायचा, वर 'अटॅच्ड डिटेल ग्रुप्स' म्हणून बटण येते, त्यात टिक केली की सगळी मापं टपकन हजर. आता पहिल्या मजल्यावर ग्रुप एडिट करून किचनची भिंत सहा इंच सरकवली की दुसऱ्या-तिसऱ्यावर भिंत पण सरकते अन् आकडा पण. डक्टवाला घोळ आमचा इथे संपला. दोन वर्षांत एकदाही पाइपला बेंड नाही, लाकडाला हात लावतो.

पण एक पाहा, ग्रुपच्या बाहेरच्या गोष्टीला धरलेलं डायमेन्शन त्यात जात नाही. म्हणजे ग्रिडपासून भिंतीपर्यंतचं जे माप आहे, जे लाइन आउटला, म्हणजे साइटवर भिंती आखताना, सगळ्यात जास्त लागते, नेमकं तेच बाहेर राहते अन् दर मजल्यावर वेगळं टाकावं लागते. मी दर मजल्यावर असे चार-पाचच टाकतो, डक्टचं, जिन्याचं, लिफ्टचं अन् एखाद्या लांब भिंतीचं, ग्रुप कुठे सरकला नाही ना हे त्यावरून कळते. अन् दोन मजल्यांची उंची वेगळी असली की ग्रुप रुसतात, मग ते समजावत बसा.

लॉकबद्दल वेगळं सांगावं लागेल. डायमेन्शन निवडलं की खाली छोटं कुलूप दिसते. मला सुरुवातीला वाटलं अरे हे तर भारी आहे, माप पक्कं करायचं, कोणी हलवू शकणार नाही. मी एका बंगल्यात उत्साहाच्या भरात वीस-पंचवीस कुलपं लावली. आठवड्याने मालकीणबाई म्हणाल्या देवघर थोडं मोठं करा, मी भिंत ओढली तर तिच्यासोबत पॅसेज गेला, पॅसेजसोबत जिन्याची भिंत गेली, अन् शेवटी लाल मेसेज की अटी पाळल्या जात नाहीत. अन् डायमेन्शन डिलीट केलं तरी कुलपाची अट मागे राहू शकते, ते विचारते तुम्हाला, पण आपण घाईत ओके दाबून देतो नं. कुठे कुठे कुलूप अडकलं आहे ते पाहायला खाली 'रिव्हील कन्स्ट्रेंट्स' आहे, ते दाबलं की सगळी दिसतात. आता मी फक्त डक्टला अन् लिफ्टच्या खड्ड्याला लावतो.

भिंत डिलीट करून नवी काढायची सवयही सोडा, मी वापरलेल्या व्हर्जनमध्ये भिंत गेली की तिला धरलेली मापं पण गेली, तीही ज्या ज्या मजल्याच्या, ज्या ज्या सेक्शनच्या व्ह्यूत असतील तिथून, अन् ते तुम्हाला त्या वेळी दिसत नाही कारण तुम्ही दुसऱ्याच व्ह्यूत बसलेले असता. नऊची साडेचारची करायची तर टाइप बदला. सरकवायची तर सरकवा. मारू नका.

आता जी गोष्ट मला वाटते सगळ्यात महत्त्वाची आहे अन् सॉफ्टवेअर त्यात काहीच मदत करत नाही, ती म्हणजे माप धरायचं कुठून. प्लास्टरच्या तोंडापासून, विटेच्या तोंडापासून की भिंतीच्या मधून? रेव्हिट चारही पर्याय देते, भिंतीचा मध्य, भिंतीचं तोंड, कोअरचा (प्लास्टर सोडून आतल्या विटेचा) मध्य, कोअरचं तोंड. मिस्त्रीला वीट लावायची आहे, त्याला विटेचं तोंड पाहिजे, म्हणजे कोअर फेस. इंटेरियरवाल्याला कपाट बसवायचं आहे, त्याला प्लास्टर झाल्यावरचं पाहिजे. आमच्याकडे एकदा पहिला मजला मी केला कोअर फेसवरून, दुसरा पोट्ट्याने केला फिनिशवरून, दोन्ही शीट आपापल्या जागी बरोबर, अन् दोन्ही बाजूचं प्लास्टर धरून जवळपास इंचाचा फरक. लाइन आउटच्या दिवशी सापडलं म्हणून वाचलो. तेव्हापासून दोन वेगळ्या डायमेन्शन स्टाइल केल्या, विटेच्या मापाची काळी अन् फिनिशची लाल, अन् बांधकामाच्या शीटवर लाल दिसलं की शीट परत.

राउंडिंगचंही तसंच. आपण भिंत 230 मिलिमीटर काढतो अन् म्हणतो नऊ इंच. नऊ इंच म्हणजे 228.6. एका भिंतीला 1.4 मिलिमीटर, कोण विचारते, पण लांबीत सहा भिंती आल्या की साडेआठच्या जवळ जाते, म्हणजे अडीच सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), अन् तुम्ही डायमेन्शन अर्ध्या इंचाला राउंड करून ठेवलं असेल तर आतल्या आकड्यांची बेरीज अन् बाहेरचा एकूण आकडा ह्यात अर्ध्या इंचाचा फरक दिसतो. मिस्त्री काका बेरीज करतात, हे लक्षात ठेवा, ते तोंडी करतात अन् आपल्यापेक्षा लवकर करतात. तर भिंतीच मिलिमीटरमध्ये नीट ठरवा, अन् राउंडिंग बारीक ठेवा, आकडा जरा घाणेरडा दिसला तरी चालेल.

उंचीच्या बाबतीत मात्र पूर्ण मार्क. लेव्हल्स एकदा टाकल्या की सेक्शनमध्ये लेव्हल-टू-लेव्हल माप टाकायचं, अन् मालक म्हणाला की हॉल उंच पाहिजे, दहा फुटांऐवजी साडेदहा करा, तर लेव्हलचा आकडा बदलायचा, वरचे मजले, खिडक्या, सगळे सेक्शन, सगळी एलिव्हेशन्स सरकतात. हेच आधी कॅडमध्ये अख्खा दिवस खायचं अन् तरी एका सेक्शनमध्ये जुनी उंची राहून जायची. जिना तेवढा मी स्वतः उघडून पाहतो. गंमत अशी की त्या बंगल्यात दहा फुटांना अठरा पायऱ्या होत्या, म्हणजे पावणेसातच्या आसपास काहीतरी तिरपागडं, अन् साडेदहा केल्यावर बरोब्बर सात इंच आले, काका खूश. सोळा पायऱ्यांत बसवायचा मोह करू नका, दहा फुटांचे सोळा भाग म्हणजे साडेसात इंच म्हणजे 190.5 मिलिमीटर, अन् नॅशनल बिल्डिंग कोड घरगुती जिन्याला 190 च्या वर जाऊ देत नाही.

तक्रारी म्हणाल तर आहेत, पटापट सांगतो. विंडोजवरच चालते. ऑटोडेस्क 2016 पासून कायमचं लायसन्स नव्याने विकत नाही, भाड्याने राहा, अन् तीन माणसांच्या ऑफिसला ते भाडं टोचते, दर वर्षी रिन्यूअलच्या आठवड्यात मी जरा चिडचिडा असतो. नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही, त्यामुळे स्ट्रक्चरवाला कोणत्या वर्षावर आहे हे आधी विचारा, मी नाही विचारलं अन् मग त्याला डीडब्ल्यूजीच, म्हणजे कॅडची फाइलच, पाठवत बसलो. मंजुरीचं ड्रॉइंग आम्ही अजूनही कॅडमध्येच करतो, म्हणजे कॅड सुटलं नाही, तो खर्च डोक्यावर आहेच. अन् मे महिन्यात दुपारी कूलरसमोर बसून पण लॅपटॉपचा पंखा विमानासारखा ओरडते, 16 जीबी रॅमच्या खाली घेऊ नका.

एक मजल्याचं घर, दुकानाचं इंटेरियर, कंपाउंड वॉल, असली कामं असतील तर नका घेऊ, कॅड पुरते. मला हे तीन मजल्यांच्या वर गेल्यावर वसूल झालं. मापांच्या कामासाठी माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, अर्धा पॉइंट नुसत्या त्या हाताने-आकडा-टाकू-देत-नाही ह्या गोष्टीचा.

एक राहिलं, गाइड ग्रिड. शीटवर प्लॅन ठेवताना सगळे मजले कागदाच्या त्याच जागी बसावेत म्हणून ते असते, फार कमी लोक वापरतात. मी पण प्रिंट चांगली दिसावी म्हणून लावलं होतं. मागच्या उन्हाळ्यात बेस्याच्या साइटवर गेलो तर काकांनी पहिल्या अन् दुसऱ्या मजल्याची शीट एकावर एक ठेवून उन्हात धरली होती, डोळे बारीक करून पाहून राहिले होते, कॉलमवर कॉलम, डक्टवर डक्ट. आमचे जुने सर ट्रेसिंग पेपरवर ट्रेसिंग ठेवून असंच पाहायचे. मी गप्प उभा राहिलो. काका म्हणाले, "जमलं भाऊ. पण हे मिलिमीटर आमाले काऊन देऊन राहिले, आमचा टेप फुटाचा हाय नं."

त्या रात्रीच डायमेन्शन स्टाइलमध्ये अल्टरनेट युनिट्स चालू केले, आता मिलिमीटरच्या खाली फूट-इंच पण येते. अक्षर जरा बारीक झालं आहे, त्यामुळे काका चष्मा घरी विसरले की सकाळी आठला माझा फोन वाजतोच.